गावठी गुलाब लावायचा आहे: चैती, एडवर्ड की कलमी?

आजोळच्या विहिरीजवळचा, दुपारपर्यंत पाकळ्या गाळणारा आणि गुलकंदाच्या बरणीत जाणारा गुलाबी गुलाब पुन्हा लावायचा असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी एक गोष्ट आठवून पाहावी: ते झाड वर्षातून अनेकदा फुलत असे, की एकदाच? 'देशी गुलाब' म्हणून निरनिराळी झाडे विकली जातात आणि त्यांची ओळख पटवायला रंगापेक्षा ही आठवण अधिक उपयोगी पडते.

एकदाच फुलणारा तो चैती गुलाब, म्हणजे दमास्क. राजस्थानातील पुष्कर आणि उत्तर प्रदेशातील हसायन येथे अत्तर व गुलाबपाण्यासाठी त्याची शेती होते. वासात त्याला तोड नाही, परंतु बहर जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो आणि भरपूर कळ्या येण्यासाठी हिवाळ्यात चांगली थंडी लागते. म्हणून मुंबईत किंवा कोकणात तो लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

एडवर्ड हा बोरबाँ वर्गातला. या वर्गाचा उगम हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर, 19व्या शतकाच्या आरंभी, दमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून झाला. त्यामुळे त्याला वास दमास्कचा मिळाला आणि पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चिनी गुलाबाचा. आपल्याकडची उष्ण हवाही तो सोसतो. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या आठवणीतला गावठी गुलाब हाच असावा, असे मला वाटते. भारतात कलमांसाठी खुंट म्हणूनही, म्हणजे ज्यावर दुसऱ्या वाणाचे कलम बांधतात ते मुळांसकटचे खालचे झाड म्हणूनही, तो वापरला गेल्यामुळे, जुन्या बागेत वरचे कलम मरून खालचा एडवर्डच फोफावलेला असण्याची शक्यता असते.

कलमी गुलाबांतही 'डबल डिलाइट'सारखे सुवासिक वाण आहेत. फुलदाणीसाठी ते अवश्य घ्यावेत, पण तो वास वेगळा, आजोळचा नव्हे.

तेव्हा माझा कौल एडवर्डला. मात्र नावाच्या चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा, गावात कुणाच्या परसात ते झाड अजून उभे असेल तर फूल हुंगून खात्री करावी आणि मालकांच्या परवानगीने पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व फांदी मागून आणून लावावी. ती स्वतःच्या मुळांवर वाढत असल्याने, पुढे बुंध्यातून येणारा प्रत्येक फुटवाही त्याच गुलाबाचा असेल.