हेडसेट घ्यायचा की बोलणं सुधारायचं?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर मी हिशोबाच्या नोंदी बोलून टाइप करतो. ‘गुळाचे रवे वीस’ म्हटलं की स्क्रीनवर ‘मुलाचे रवी वीस’! यावर उपाय दोन.

हेडसेट लावला की पंख्याची घरघर, हमालांच्या आरोळ्या बऱ्याच कमी होतात. माइक ओठांच्या थोडा बाजूला ठेवायचा. थेट समोर धरला तर श्वासाची फुसफुस शिरते. गोंगाट नसेल तर मात्र पैसे वायाच.

दुसरा उपाय फुकटचा. व्हॉइस टायपिंगच्या सेटिंगमध्ये भाषा हिंदी राहिलीय का बघा, मराठी निवडा. आणि एकेक शब्द तोडू नका, सलग वाक्य बोला. मागच्यापुढच्या शब्दांवरूनही व्हॉइस टायपिंग अंदाज बांधतं. मी आधी हेच करायला सांगेन. ‘काकवी’ची ‘काकी’ तेवढी अजून हातानंच दुरुस्त करतोय.