कार्पल टनेलचं ऑपरेशन: उजवा हात ओपन, डावा दुर्बिणीतून

माझ्या दोन्ही हातांचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटाशी दबलेली नस मोकळी करायचं, ऑपरेशन झालं आहे. उजव्याचं ओपन, म्हणजे तळहाताला चीर देऊन. डाव्याचं त्यानंतर सव्वा वर्षानं, दुर्बिणीतून. कोथरूडला माझा पोळी-भाजीचा डबा आहे, रोजच्या शंभरेक पोळ्या. त्यामुळे ओळखीतल्या ज्या कोणाच्या हाताला मुंग्या येतात, ती माझ्याकडे येऊन विचारते, "कुठलं करू? किती दिवस घरी बसावं लागेल?" त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दोन्ही ऑपरेशनांत कापतात ते एकच. तळहाताच्या मुळाशी एक जाड पट्टा असतो. त्याच्याखालच्या चिंचोळ्या जागेतून बोटं मिटवणारी नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि एक नस जाते. हाच तो कार्पल टनेल. जागा अपुरी पडली की ती नस चेमटते आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी सहसा सुटते. पट्टा कापला की नस मोकळी होते. ओपन आणि दुर्बीण यांत फरक आहे तो पट्ट्यापर्यंत पोचायच्या वाटेचा. कापलेला पट्टा परत शिवत नाहीत, तो थोडा सैल होऊन आपोआप भरून येतो, आणि त्याला काही आठवडे लागतातच. म्हणून चीर छोटी तर विश्रांतीही छोटी, हा हिशोब अर्धाच खरा.

पहिल्या पंधरवड्यात मात्र तो खरा ठरतो. उजव्या हाताला तळहाताच्या मुळाशी तीनेक सेंटिमीटरची चीर होती, नेमकी लाटण्याचा जोर पडतो तिथे. टाके बाराव्या दिवशी निघाले. डाव्याला मनगटाच्या घडीवर सेंटिमीटरभर खूण आहे, आता शोधावी लागते. दोन्ही वेळा भूल फक्त हातापुरती दिली, सकाळी गेले आणि दुपारी घरी आले. दोन्ही वेळा सूचना त्याच होत्या: हात उशीवर उंच ठेवा, ड्रेसिंग भिजू देऊ नका आणि बोटं पहिल्या दिवसापासून उघडमीट करत राहा. हे शेवटचं फार मनावर घ्या. दुखतं म्हणून मूठ उघडलीच नाही, तर बोटं आखडतात आणि सूज उतरत नाही.

रात्रीच्या मुंग्या दोन्ही हातांत पहिल्या दोन-तीन रात्रींतच थांबल्या. हात झटकत उठावं न लागता सलग झोप लागली, तेव्हा मला रडू आलं होतं. त्या आनंदात दुसऱ्या आठवड्यात कुकरचं झाकण लावायला गेले आणि तळहाताच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांतून अशी कळ गेली की झाकण हातातून सुटलं. जखमेच्या जागेवर दुखत नव्हतं, तिच्या अल्याडपल्याड दुखत होतं. डॉक्टर याला पिलर पेन म्हणतात. पट्टा कापल्यामुळे हा त्रास होतो, म्हणून तो दुर्बिणीतून केल्यावरही होतो. माझ्या उजव्या हाताला तीन महिने होता, डाव्याला सहा आठवडे. तीन महिन्यांपर्यंत हे चालतं, कोणाकोणाला त्याहून लांबतं. ऑपरेशन फसलं असं समजून घाबरू नका.

ताकदीचंही तसंच. पकड आधी कमी होते आणि पूर्वीच्या जागी यायला साधारण तीन महिने लागतात. फिजिओनं मला हातात स्पंजचा बॉल दिला होता. मी कणकेचा गोळा घेतला, आधी लिंबाएवढा, मग पेरूएवढा, सहाव्या आठवड्यात एका माणसाच्या पोळ्यांची कणीक. परातभर कणीक तिंबायला उजव्या हाताला अकरा आठवडे लागले. भाकरी त्याहून उशिरा, कारण ती थापताना मार थेट तळहाताच्या मुळावर बसतो. ओले कपडे पिळणं सगळ्यात शेवटी. ओपनच्या व्रणाला टाके निघाल्यावर आणि जखम पूर्ण भरल्यावर रोज पाच-पाच मिनिटं क्रीम लावून चोळावं लागलं, नाहीतर तो कडक राहतो आणि लाटणं टेकलं की हुळहुळतो. दुर्बिणीच्या हाताला ही कटकट जवळजवळ नव्हतीच.

आता स्कूटर, कारण पुण्यात हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारला जातो. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटर पिळतो आणि पुढचा ब्रेक दाबतो, त्यामुळे त्याला वेळ लागला, पाच आठवडे. डाव्या हाताच्या वेळी तीन आठवड्यांत बसले. गिअरची मोटरसायकल असेल, तर उलट डाव्यावर क्लच येतो, हे ध्यानात ठेवा. दिवस मोजण्यापेक्षा बंद गाडीवर बसा आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबून बघा. कळ येऊन बोटं ढिली पडली, तर अजून थांबा. तोवर मी वनाजहून मेट्रोनं जात होते. पीएमपीच्या बसमध्ये दांडा धरून उभं राहणं मी टाळलं, एक हिसका पुरतो.

इथवर वाचून दुर्बीणच बरी असं वाटेल. पण माझ्या दोन हातांची ही तुलना सरळ नाही. उजव्या हाताच्या मुंग्या मानेच्या मणक्यामुळे आहेत असं सांगून आठ महिने मला मानेचा पट्टा आणि शेक दिला. नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नस संदेश नीट वाहून नेते का हे बघायची, तपासणी कोणी करून घेतलीच नाही. ती झाली तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मांस उतरलं होतं, शर्टाचं बटण लागत नव्हतं. त्या आठ महिन्यांचा मला आजही राग येतो. दबलेल्या नसेची इजा जुनी असेल तर ती दिवसाला मिलिमीटरभर अशा गतीनं सुधारते, आणि पूर्ण सुधारेलच असं नाही. माझं उजवं मधलं बोट अजून टोकाला थोडं बधिर आहे. ती चूक ओपन ऑपरेशनची नाही, उशिराची आहे. डावा हात लवकर दाखवला म्हणून तो लवकर सुटला. सहा महिन्यांनंतर ओपन आणि दुर्बीण यांच्या निकालात विशेष फरक राहत नाही. दुर्बिणीनं कामावर परतायला साधारण आठवडाभर आधी जमतं, फायदा एवढाच. त्या बदल्यात खर्च जास्त, नसेला तात्पुरत्या मुंग्या येण्याची शक्यता थोडी जास्त, आणि आतलं नीट दिसलं नाही तर तिथल्या तिथे ओपन करावं लागतं. आत गाठ असेल किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा होत असेल, तर बहुतेक सर्जन सरळ ओपनच करतात.

माझं मत विचाराल तर: हातावर पोट असेल, आठवडाभराची मजुरी बुडणं जड जात असेल आणि खर्च झेपत असेल, तर दुर्बीण घ्या. नाहीतर ज्या सर्जनचा हात ओपनवर बसलेला आहे त्यांच्याकडून ओपन करून घ्या, निर्धास्तपणे. "तुम्ही स्वतः कुठलं जास्त करता?" हा प्रश्न नक्की विचारा. मेडिक्लेमला डे-केअर, म्हणजे रात्री न राहता त्याच दिवशी घरी सोडतात ते, चालतं का तेही आधी विचारून ठेवा.

दोन्ही हात एकदम करावेत का? माझ्या नणंदेनं केले. हिंजवडीत नोकरी, रजा एकदाच मिळणार होती. आठवड्याभरात ती कीबोर्डवर हलकं टाइप करत होती आणि महिन्यात पूर्ण कामावर गेली. पण पहिले आठ दिवस सासूबाई तिची वेणी घालत होत्या, घास भरवत होत्या आणि संडासानंतर धुवायलाही मदत करत होत्या. ती मदत ज्यांच्याकडून संकोच न करता घेता येईल असं माणूस घरात असेल तरच हा मार्ग धरा. माझ्यासारखीनं एकेक हातच करावा.

तारीख ठरवताना सण बघा. दिवाळीच्या चकल्या करायच्या असतील, तर सोऱ्या दाबायला तीन महिने हाताशी हवेत, म्हणजे जुलैच्या आत उरकायला हवं. पण जुलैत पुण्यात पाऊस, ड्रेसिंग कोरडं ठेवायची धडपड. मी दुसऱ्यांदा एप्रिल निवडला, डब्याची बरीचशी मुलं परीक्षा संपवून गावी जातात तेव्हा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या, जखम भरायला वेळ लागतो.

आणि घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पू आला, लाली पसरत गेली, ऑपरेशनच्या आधी नव्हता इतका बधिरपणा आला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी सर्जनला फोन करा.