फास्टर फेणे, फेलुदा की एमिल?

नऊ ते बारा वर्षांच्या मुलासाठी रहस्यकथा हवी, पण ती हसवणारी हवी आणि वाचताना जीवही गुंतायला हवा, असं कोणी विचारलं की मला तीन नावं आठवतात.

मूल पहिल्यांदाच मोठं पुस्तक हातात घेणार असेल तर फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा. किडकिडीत अंगाचा, सायकलवर सुसाट सुटणारा, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडातून ‘ट्टॉक’ काढणारा. दोन पानांत घरातलं मूलही ट्टॉक करू लागतं! कोडं म्हणाल तर साधंच असतं. धागेदोरे जुळवण्यापेक्षा धावाधाव जास्त. पण भागवतांचं मराठी इतकं खेळकर आहे की मोठ्याने वाचून दाखवायला याच्याइतकं छान काही नाही. २०१७च्या सिनेमात फेणे मोठा झालेला दिसतो. पुस्तकातला फेणे मात्र शाळकरी पोरगाच आहे, हे मुलांना आधी सांगा.

खरं कोडं हवं असेल तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो मराठीत सहज वाचता येतो. पहिली कथा १९६५ची, पण सुरुवात जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याच्या कथेपासून करा, कारण तिथे जटायू भेटतात. हे रहस्यकथा लिहिणारे गृहस्थ भलतेच भाबडे. पुस्तकात उंटाबद्दल काहीबाही लिहून बसतात, फेलुदा ती चूक दाखवतो, आणि पुढे खऱ्या उंटावर चढायची वेळ आली की त्यांची पाचावर धारण बसते. दोन गोष्टी खटकतात: फेलुदा सिगारेट ओढतो आणि या कथांत मुली जवळजवळ नाहीतच. अकरा-बारा वर्षांच्या वाचकाशी यावर बोलता येतं, म्हणून त्याआधी मी फेलुदा देत नाही.

आणि एरिश केस्टनरचा एमिल. मूळ पुस्तक जर्मन, १९२९चं. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना इंग्रजीतून मिळतं. तिघांत माझा जीव यात सर्वांत जास्त गुंतलाय. एमिलची आई लोकांचे केस धुऊन घर चालवते. त्यातून साठवलेले १४० मार्क ती आजीकडे बर्लिनला निघालेल्या एमिलजवळ देते. आगगाडीत तो त्या नोटा कोटाच्या आत टाचणीने टोचून ठेवतो. (ही टाचणी लक्षात ठेवा, पुढचं सांगत नाही.) डब्यातला टोपीवाला माणूस थापा मारतो की बर्लिनमध्ये मेंदू गहाण ठेवून पैसे मिळतात. एमिलला डुलकी लागते आणि नोटा गायब! पोलिसांकडे जायचीही सोय नाही, कारण गावातल्या पुतळ्याचं नाक त्याने रंगवून लाल केलंय.

मग बर्लिनची पोरंटोरं मदतीला धावतात. सगळे चोराच्या मागे, आणि डीन्स्टाग नावाचा लहानगा घरी फोनपाशी बसून, कारण निरोप घ्यायला कोणीतरी हवंच. बाहेर एवढी धमाल चाललीय आणि हा खुर्ची सोडत नाही. माझ्या भाचीने ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि विचारलं, “मावशी, त्याला कुणी शाबासकी देतं ना गं?”

देतात. एमिलची आजी देते, तीही सगळ्यांसमोर.