पहिलीची साहित्यपेटी : बाईंची पाठ वळल्यावर काय चालते?

मे महिना सरत आला की म्हापसा, फोंडा, मडगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत शाळांच्या याद्या घेऊन माणसे उभी दिसतात. पहिलीच्या यादीत हल्ली एक ओळ हमखास असते : 'साहित्यपेटी, नग १'. आत शंभर मण्यांची माळ, दशकाचे दांडे, सुटे ठोकळे, मुळाक्षरांची चित्रकार्डे, दोन-चार तक्ते, रंगीत मातीचा गोळा, फासे आणि पाट्या. पेटीवरचे नाव बदलते, आतला माल थोड्याफार फरकाने तोच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका छापाचे नाही. पेटीतल्या एकेका वस्तूचे आहे, आणि तेही गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या पहिलीच्या हिशेबाने.

तो हिशेब थोडा वेगळा आहे. सत्तरी, पेडणे, डिचोलीकडच्या कितीतरी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. बाई तिसरीला भागाकार सांगायला वळल्या की पहिलीची पाच-सहा मुले पुढची वीस मिनिटे आपापली. त्या वीस मिनिटांत जी वस्तू मुलाच्या हातात चालते आणि चूक झाली तर ती मुलाला स्वतःला दाखवते, तीच कामाची. बाकीची कपाटात जाते. त्यात शाळा उघडते ती पावसातच. आणि बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात, हे पेटी भरणाऱ्याच्या गावीही नसते.

आधी माळ, कारण पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच, आणि सर्वांत निष्काळजीपणे बनवलेलीही तीच. शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, असे आळीपाळीने. मणी किती मोठा हे आधी पाहावे. आठ मिलिमीटरचा असेल तर अख्खी माळ ८० सेंटिमीटरची होते आणि कपड्यांचा चिमटा लावला की तो दोन मणी झाकतो. मुलाने सत्तावीस म्हणून लावलेला चिमटा सव्वीसवर आहे की अठ्ठावीसवर, ते मग कुणालाच सांगता येत नाही. बाकावर वापरायच्या माळेला १२ मिलिमीटरचा मणी हवा आणि भिंतीवरच्या माळेला अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे भिंतीवर किमान अडीच मीटर मोकळी जागा. ती मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधावी. फळ्याच्या वर टांगलेली माळ म्हणजे तोरण.

दुसरी खोट दोरीची. पेटीतली माळ बहुधा सुती दोऱ्यात ओवलेली असते. जुलैत दोरा फुगतो, मणी सरकेनासे होतात आणि मूल ओढून ओढून दोरा तोडते. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी बारीक नायलॉनची दोरी घेऊन माळ पुन्हा ओवून घ्यावी. १२ मिलिमीटरचे शंभर मणी १२० सेंटिमीटर घेतात, वर २० सेंटिमीटर मोकळी दोरी सरकवायला आणि २० गाठींना, म्हणजे १६० सेंटिमीटर कापावी. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्यावे. ती मोकळी २० सेंटिमीटर विसरली की माळ निव्वळ शोभेची होते, कारण मणी बाजूला सरकला तरच 'घेतले' आणि 'उरले' दिसते.

आता हीच वस्तू काय करते ते पाहा. बारातून पाच वजा करताना पहिलीतले मूल बोटांवर उलटे मोजते : बारा, अकरा, दहा, नऊ, आठ. पाच शब्द झाले, उत्तर आठ. बारालाही मोजल्यामुळे एक जास्त आला. हीच चूक तोंडाने दहा वेळा सांगून जात नाही. माळेवर बारापुढे चिमटा लावून त्याने पाच मणी उजवीकडे ढकलले की डावीकडे सात उरलेले त्याला स्वतःलाच दिसतात. बाईंनी मागे वळून पाहायची गरज नाही. चिमटा मात्र मण्यावर नाही, मण्यानंतरच्या फटीत लावायचा, आणि मोजणी नेहमी डावीकडून. डाव्या टोकाला लाल दोरा बांधून ठेवला की दोन मुले समोरासमोर बसून दोन टोकांकडून मोजत नाहीत.

मराठी संख्यानामांचा घोळही इथेच सुटतो. 'सत्तावीस' ऐकून मूल ७२ लिहिते, कारण सात आधी ऐकू येतो. माळेवर आधी 'दोन दहा आणि सात' म्हणायचे, मग 'सत्तावीस'. (महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वर्गात मात्र दोन्ही नावे शेजारी-शेजारी सुखाने नांदतात.) आणि एकोणतीस. मूल 'तीस' ऐकते आणि ३९ लिहून मोकळे होते. माळेवर चिमटा तीसपुढे लावून एक मणी मागे आणला की 'एकोण' म्हणजे 'एक उणा' हे डोळ्यांना दिसते. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाने पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत वाचन-लेखन आणि सोपी बेरीज-वजाबाकी अपेक्षिली आहे. त्यातले बहुतेक या एका माळेवर होते. दोरी बदलण्याच्या अटीवर पैकीच्या पैकी गुण.

दशकाच्या प्लॅस्टिक दांड्यांना तेवढे गुण देता येत नाहीत. दांडा दिसायला सुबक, पण तो तोडता येत नाही. दहा सुट्यांचा एक गठ्ठा होतो हे मुलाने स्वतः बांधून पाहिलेले नसेल तर त्याच्या लेखी दांडा ही एक लांबडी वस्तू, तिची किंमत एक. 'तीन दांडे, चार सुटे, किती?' विचारल्यावर 'सात' येते ते यातूनच. पहिल्या सत्रात दांडे पेटीतच राहू द्यावेत आणि काड्या काढाव्यात. दोन मुलांच्या जोडीमागे तीस काड्या, वीस मुलांच्या वर्गाला तीनशे. आइस्क्रीमच्या काड्या विकत मिळतात. माडाच्या झावळीचे हीर तर फुकट, आठ सेंटिमीटरचे तुकडे करून टोके दगडावर घासली की झाले. न घासलेला हीर बोटात जातो. गठ्ठ्याला रबरबँड नको, आपल्या हवेत तो चिकट होऊन दिवाळीपर्यंत तुटतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर कापलेल्या चकत्या वर्षभर टिकतात आणि मुलाच्या हाताने ताणल्याही जातात.

मोजायला बिया आणा असे पालकांना सांगताना मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. कच्च्या काजूबिया नकोत, कवचातल्या तेलाने कातडी भाजते. आणि गुंजा तर वर्गात येताच कामा नयेत. लाल-काळी गुंज मुलांना कमालीची आवडते, पण आतला गर विषारी आहे आणि फुटलेली बी पोटात जाणे जिवावर बेतू शकते. चिंचोके, धुऊन उन्हात वाळवलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, सुपाऱ्या चालतात. चिंचोके बरणीत बंद न ठेवल्यास त्यांना कीड लागते.

चित्रकार्डांवर सर्वांत जास्त बोलावे लागेल. 'म'च्या कार्डावर मासा. पहिलीतले मूल चित्र पाहून घरच्या कोंकणीत म्हणते 'नुस्तें'. ते बरोबर आहे, पण कार्डाचे काम बिघडले, कारण तोंडात 'न' आला आणि डोळ्यांसमोर 'म'. 'क'वर कुत्रा, मूल म्हणते 'सुणो'. 'प'वर पाण्याचा पेला, मूल म्हणते 'उदक'. 'ड'वर डोळा, तो घरी 'दोळो'. ही सगळ्यांत फसवी जागा, कारण शब्द जवळचा वाटतो म्हणून चूक बाईंच्याही लक्षात येत नाही आणि ड-द ची गल्लत लेखनात वर्षभर राहते. उपाय अर्ध्या तासाचा आहे. पेटी उघडल्यावर अक्षरे झाकून नुसती चित्रे पसरावीत आणि मुलांना नावे घेऊ द्यावीत. जिथे पहिला ध्वनी वेगळा येतो ती कार्डे बाजूला काढून त्यांवर नवे चित्र चिकटवावे. मांजर (माजर), केळे (केळें), पान, डबा (डबो) यांत दोन्ही भाषांत पहिला ध्वनी एकच. आणि 'नुस्तें' म्हणणाऱ्या मुलाला चूक म्हणू नये. माशाचे कार्ड 'न'च्या रांगेत ठेवून 'मराठीत याला मासा' म्हणत 'म'च्या रांगेत न्यावे. ऐरण, औत, एडका ही कार्डे पेटीत असतातच. मुलाने ऐरण पाहिलेली नसते, चित्रात ती त्याला टेबलासारखी दिसते. ती सरळ काढून टाकली तरी बिघडत नाही.

अक्षरांची वळणेही तपासावीत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचे प्रमाणीकरण केले, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. पेट्यांत पुष्कळदा हिंदी वळणाची अक्षरे छापलेली असतात, अंकांत ५ आणि ८ सुद्धा. मुलाला पुस्तकात एक ल, कार्डावर दुसरा, आणि बाई फळ्यावर काढतात तो तिसराच.

त्याहून मोठी अडचण संख्येची. पेटीत प्रत्येक अक्षराचे कार्ड एकच. म्हणजे 'बाबा' लिहिता येत नाही. 'काका' नाही, 'मामा' नाही. पहिलीला पहिले वाचता येणारे शब्द हेच, आणि पेटी नेमकी तिथे अडते. जाड पुठ्ठ्याची पाच सेंटिमीटर चौकोनी कार्डे घरी कापून क, म, र, न, ल, त, स, ब यांची प्रत्येकी तीन आणि कान्याची सहा तरी करावीत. अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाण्यापेक्षा र, म, क, न, ब, घ असा गट आधी घेतला तर पहिल्या पंधरवड्यात घर, कर, नरम होतात, काना आला की राम, नाक, काम. वेलांटी-मात्रांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या ज्या पेटीत असतील ती निःसंकोच घ्यावी. 'क'च्या कार्डावर पहिल्या वेलांटीची पट्टी ठेवली की 'कि', उचलली की परत 'क'. वेलांटी लिहिली जाते आधी आणि बोलली जाते नंतर, हा गोंधळ पट्टीने जेवढा लवकर मिटतो तेवढा गिरवण्याने मिटत नाही.

कार्डे लॅमिनेट केलेली आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. कडा पाहावी. कागदाच्या काठाला लावून प्लॅस्टिक कापले असेल तर ओल तिथून शिरते आणि श्रावणात दोन थर सुटून मध्ये काळी बुरशी धरते. चहूबाजूंनी पाच मिलिमीटर नुसते प्लॅस्टिक सुटलेले हवे. दोऱ्याचे भोकही त्या पट्टीत पाडावे, कागदात नव्हे.

तक्त्यांबद्दल थोडक्यात : घेऊ नयेत. भिंतीला ओल, चिकटपट्टी सुटते, आणि मूल तक्त्याला हात लावू शकत नाही. फासे घ्यावेत, पण ठिपक्यांचे आणि लाकडी. फोमचे फासे बुरशी धरतात. टॉवेलवर टाकायची सवय लावली तर तिसरीच्या भागाकारात खडखडाट होत नाही.

पाटी दगडी की प्लॅस्टिकची, हा वाद जुना. दगडीवर पेन्सिल अडते, म्हणून अक्षराला ताबा येतो, पण ती पडली की फुटते. प्लॅस्टिकची पाटी दोन महिन्यांत गुळगुळीत होऊन पेन्सिल घसरू लागते. तिच्यावर बारीक पॉलिशपेपर गोल फिरवला की ती पुन्हा खरखरीत होते. पाटीवरची पेन्सिल अख्खी देऊ नये, पाच सेंटिमीटरचा तुकडा द्यावा. आखूड तुकडा मुठीत धरता येत नाही, तीन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. लेखनाचा हात बसवायला याहून स्वस्त साधन नाही.

रंगीत मातीचा गोळा आठवड्यात सगळा मिळून तपकिरी होतो आणि उघडा राहिला तर दगड. त्याऐवजी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीभर पाणी थोडे-थोडे आणि चमचाभर तेल यांचा गोळा मळून देतात, पण पावसात मिठाला पाणी सुटते, तेव्हा तो दिवाळीनंतरच करावा. जून ते चवथ (गणेशचतुर्थी) या काळाला साधी चिकणमाती उत्तम. गावातल्या चित्रशाळेत गणपतीचे काम चालू असते, तिथे मागितली तर गोळाभर मिळते. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की महिनाभर मऊ राहते. अक्षर गिरवायला वाळूचा ट्रे करायचा तर ३० बाय २० सेंटिमीटरचा, वाळूचा थर एक सेंटिमीटर. किनाऱ्यावरची वाळू आणली तर तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढते आणि गठळ्या होतात. तीन-चार पाण्यांत धुऊन, वाळवून, चाळून घ्यावी. वाळूऐवजी रवा वापरा असे सुचवले जाते. सुचवणाऱ्यांनी गोव्यातल्या मुंग्या पाहिलेल्या नसाव्यात.

एकूण पेटी घ्यावी का? मोठी शाळा असेल, वर्गात वीस-पंचवीस मुले असतील तर घ्यावी, पण एक नग नको. एका पेटीभोवती वीस मुले म्हणजे दोन मुले हाताळतात आणि अठरा पाहतात. चार मुलांमागे एक माळ हा किमान हिशेब धरावा. पाच-सहा मुलांच्या शाळेने पेटीचा नाद सोडून १२ मिलिमीटरचे मणी सुटे घ्यावेत, दोन रंगांत प्रत्येकी दीडशे. तीन माळा होतात. दुकानात मणी घेण्याआधी दोरी भोकातून घालून पाहावी. बारीक भोकाचे मणी बरेच येतात, आणि घरी गेल्यावर ते परत घेत नाहीत.