चौदा महिन्यांनंतर: या लॅपटॉपच्या वायफायबद्दलचे माझे मत का बदलले

हा लॅपटॉप घेऊन या महिन्यात चौदा महिने झाले. त्याचा प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे, त्यामुळे मी फक्त वायफायविषयी लिहिणार आहे. माझे जवळजवळ निम्मे वर्ष त्यातच गेले. मी पुण्यात घरून पुस्तकांच्या पृष्ठमांडणीचे काम करते. छपाईला जाणारी एकेक पीडीएफ साडेचारशे मेगाबाइटच्या आसपास असते आणि ती रात्री आठपूर्वी मुद्रकाकडे पोहोचवावी लागते. दिवसा हे काम अडीच-तीन मिनिटांत होई, पण संध्याकाळी त्याच फाइलला पंधरा-वीस मिनिटे लागत आणि कधी कधी अपलोड मध्येच तुटे.

संध्याकाळीच त्रास होतो म्हटल्यावर इंटरनेट कंपनीवर ताण येत असणार, असे मी गृहीत धरले. ५० एमबीपीएसचा प्लॅन सोडून १०० एमबीपीएसचा घेतला आणि दरमहा दोनशे रुपये जास्त भरू लागले. फरक काहीच पडला नाही. लॅपटॉपवर वेग बावीसच्या पुढे जाईना. पाच महिन्यांनी तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस आला. त्याने लॅपटॉपला थेट राउटरची लॅन केबल जोडली आणि वेग ९४ आला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी तसे मी पाच महिने त्या कंपनीला बोल लावत होते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

मग राग लॅपटॉपकडे वळला. वॉरंटी संपायला तीन आठवडे उरले असताना मी सेवा केंद्रात गेले. तेथे हार्डवेअर ठीक असल्याचे सांगून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला गेला, आणि सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही म्हणून ५९० रुपये घेतले गेले. घरी आल्यावर सगळे मराठी फाँट पुन्हा बसवण्यात माझा एक रविवार गेला, आणि सोमवारी वेग पुन्हा बावीस. लिंक कोणत्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या कोणत्या पट्ट्यात, जोडली जाते, एवढी एक गोष्ट तेथे कोणी पाहिली असती तरी माझे पैसे आणि तो दिवस वाचला असता. त्याच संतापात मी या लॅपटॉपला दोन तारे दिले होते.

ते मत मी आज बदलते आहे. नवे वायफाय कार्ड मागवण्याच्या बेतात असताना मी सेटिंग्जमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज उघडले. तेथे लिंक स्पीड ७२/७२ आणि बँड २.४ गिगाहर्ट्‌झ असे लिहिलेले होते. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या, म्हणून तिकडे पाहण्याचे मला इतके दिवस सुचलेच नव्हते. माझ्या लॅपटॉपमधल्यासारखे एका अँटेनाचे कार्ड २.४ वर, २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनलमध्ये (बँडच्या एका तुकड्यात), जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसवर जोडले जाते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागते, आणि या बँडमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच असल्यामुळे, आमच्या इमारतीत दिसणाऱ्या एकोणीस राउटरांच्या गर्दीत त्यातलेही बरेच वाया जाते. माझ्या राउटरने २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव दिले होते आणि लॅपटॉप दर वेळी २.४ लाच चिकटत होता.

तरीही संध्याकाळचे कोडे उरलेच होते. ते मला माउसने सोडवून दिले. रोज साडेसातला मी दिवसभराच्या कामाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते. एकदा डिस्क जोडताच पडद्यावरचा बाण अडखळत, उड्या मारत सरकू लागला, आणि डिस्क काढताच पूर्वीसारखा चालू लागला. माउसचा छोटा रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्याच पोर्टमध्ये होता आणि तोही २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. मग मी घरातल्या राउटरलाच पिंग करून पाहिले, म्हणजे त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजले: डिस्क नसताना दोन-तीन मिलिसेकंद, डिस्क चालू असताना दीडशेच्या वर, आणि मधली काही उत्तरे आलीच नाहीत. हा उपाय मी प्रत्येकाला सुचवीन, कारण पिंग राउटरपर्यंतच जात असल्याने दोष घरातला आहे की बाहेरचा, हे त्यातून लगेच कळते. यूएसबी ३.० च्या केबल आणि पोर्टमधून २.४ च्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडलेले आहे.

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्‌झला वेगळे नाव दिले, लॅपटॉपला जुन्या नावाचा विसर पाडला आणि नव्या नावाने जोडले. लिंक ४३३ वर गेली आणि वेग ९२ आला. तीच साडेचारशे मेगाबाइटची फाइल पाऊण मिनिटात गेली, तीही डिस्क जोडलेली असताना. त्या संध्याकाळी मी ती पट्टी भरताना नुसती बघत बसले होते. माउसचा रिसीव्हर आता एक मीटरच्या यूएसबी वायरने डिस्कपासून दूर नेला आहे.

कार्ड मागवले नाही. वॉरंटी संपल्यावर मागचे झाकण उघडले, तेव्हा कार्डावर गुंडीसारखी दाबून बसवलेली एकच बारीक वायर दिसली. दुसऱ्या अँटेनाची वायर आत नाहीच, म्हणजे दोन अँटेनांचे कार्ड घातले तरी त्याचा पुरा लाभ मिळणार नाही. माझी खरी तक्रार आता एवढीच आहे की खोक्यावर आणि जाहिरातीत नुसते ‘ड्युअल बँड वायफाय’ छापले होते, अँटेना एक आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते. हॉलमध्ये याने काही अडत नाही, पण दोन भिंतींपलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झची लिंक शंभरच्या खाली येते. तेथे बसून मोठी फाइल पाठवायची वेळ आली, तर मी लॅपटॉप उचलून हॉलमध्ये येते. दोन ताऱ्यांचे साडेतीन केले आहेत. अँटेनांची संख्या खोक्यावर छापली असती तर चार दिले असते.