सात महिने ग्रोमॅक्स वापरून: डिस्क वाचवली आणि ऑक्सिजनची वाटच हरवली

ग्रोमॅक्स म्हणजे रेणूंची हालचाल कॉम्प्युटरवर घडवून बघायचं सॉफ्टवेअर. परवा रात्री डिस्क भरली आणि त्याचे सगळे रन (सिम्युलेशन्स) मध्येच बंद पडले, म्हणून आज लिहायला बसलेय. सात महिने एकच काम चाललंय, मायोग्लोबिन या स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रोटीनच्या आत ऑक्सिजनचा रेणू कुठून कुठे जातो ते बघणं. ग्रोमॅक्स जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) मस्त पळतं, फुकट आहे, हे सगळ्यांना माहितीये. मला बोलायचंय फक्त फ्रेम, म्हणजे त्या क्षणी कुठला अणू कुठे आहे याची नोंद, किती वेळाने सेव्ह करायची यावर.

जागा वाचावी म्हणून मी दर १०० पिकोसेकंदाला (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) एकच फ्रेम ठेवत होते, म्हणजे हिशोबाच्या २ फेम्टोसेकंदाच्या (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) स्टेपने ५०,००० स्टेप्समधून एक. आता मायोग्लोबिनमध्ये ज्या चार पोकळ्या आहेत, १९८४ मध्ये झेनॉन वायू भरून दाखवलेल्या, त्यातल्या झेनॉन-४ मध्ये रेणू एका फ्रेमला दिसतो आणि पुढच्या फ्रेमला थेट हीमच्या (ऑक्सिजन धरणाऱ्या लोहयुक्त भागाच्या) पलीकडे झेनॉन-१ मध्ये. मधे झेनॉन-२ मधून गेला का? कळायला मार्गच नाही. नेमकं जे बघायचं तेच मी साठवलं नव्हतं, महिनाभराचं काम, खूप जीव तुटला.

मग सापडलं की फाइलमध्ये फक्त प्रोटीन, हीम आणि वायू लिहायला सांगता येतं. सिम्युलेशनच्या बॉक्समधले दहातले नऊ अणू पाण्याचेच असतात, ते गाळले की दर १० पिकोसेकंदाला सेव्ह करूनही फाइल जवळपास तेवढीच. इतका आनंद झाला की सगळे रन तसेच लावले.

पण तोही निर्णय बदलावा लागला. व्हीएमडी या रेणू बघायच्या सॉफ्टवेअरमधलं इम्प्लिसिट लिगँड सॅम्पलिंग, म्हणजे वायू प्रोटीनमध्ये कुठे मावेल याचा नकाशा काढायची, भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने २००६ मध्ये मायोग्लोबिनवर वापरलेली पद्धत, ती त्याच फाइलवर चालवली तर प्रोटीनच्या बाहेर सगळीकडे पोकळी दिसायला लागली. पाणीच नाही ना! आणि ऑक्सिजन नसताना हीमजवळ हिस्टिडिन ६४ ला (प्रोटीनच्या साखळीतल्या ६४ व्या अमिनो आम्लाला) धरून एक पाण्याचा रेणू बसलेला असतो, तोही गेला. हिस्टिडिन ६४ म्हणजे वायूचं मुख्य दार, तिथलाच नकाशा चुकीचा आला. म्हणून घाबरून सगळं पाण्यासकट सेव्ह करायला लागले आणि डिस्क भरली.

खरं तर या पद्धतीला रनमध्ये वायू लागतच नाही, प्रोटीन आणि पाण्याच्या फ्रेम्सवरूनच ती प्रत्येक जागी ऑक्सिजनला किती ऊर्जा पडेल ते काढते. हे आधी नीट वाचलं असतं तर! आता नकाशासाठी १० नॅनोसेकंदाचा वेगळा छोटा रन, पाण्यासकट, दर २ पिकोसेकंदाला, म्हणजे ५,००० फ्रेम्स, बास. मात्र नकाशात वेळ नसतो, रेणू कधी सुटला ते त्यातून कळत नाही, म्हणून वायूचे लांब रन हवेतच, ते पाणी गाळून.

चेकपॉइंट, म्हणजे रन पुन्हा तिथूनच सुरू करता येईल अशी नोंद, दर १५ मिनिटांनी पडतो म्हणून फार काही गेलं नाही. जागा मोकळी करून काल सगळे रन तिथूनच परत सुरू केलेत, झेनॉन-२ वर डोळा ठेवून बसलेय.