बातमी हवी की भरवसा? गुरुवारचा नाश्ता, चेंबरचं सभागृह, प्रदर्शन आणि रोटरी

धंदा सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं की उद्योजकांच्या ओळखी वाढवणाऱ्या एखाद्या गटाचा फोन येतोच. "गुरुवारी सकाळी सात वाजता हॉटेलवर या. बांधिलकी काही नाही, फक्त नाश्त्याचे पैसे. आणि हो, व्हिजिटिंग कार्डं चाळीसेक घेऊन या." गेल्या महिन्यात तो माझ्या भाच्याला आला. पोरगा भोसरीत दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशिनं टाकून जॉबवर्क करतो; कारखान्यांना लागणारे पार्ट त्यांच्या ऑर्डरीप्रमाणे करून देतो. "मामा, जाऊ का? की चेंबरची, म्हणजे व्यापार-उद्योगांच्या संघटनेची, मेंबरशिप घेऊ? की हे सगळं सोडून प्रदर्शनंच करू?" त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहितोय. माझं काम खोक्यांचं, म्हणजे कोरुगेटेड बॉक्सचं. असा गट, चेंबर, प्रदर्शन आणि रोटरी, या चारही ठिकाणी मी पैसेही घातलेत आणि सकाळीही.

कुठेही गेलात तरी एक गोष्ट आधी कबूल करावी लागते: माणूस नव्या ओळखींसाठी जातो आणि जुन्या ओळखीच्या माणसाशेजारी जाऊन उभा राहतो. कोलंबिया बिझनेस स्कूलच्या दोन अभ्यासकांनी शंभरेक अधिकाऱ्यांना गळ्यात इलेक्ट्रॉनिक बिल्ले घालून एका मेळाव्यात सोडलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी आधी सांगितलं होतं की आम्हाला नवी माणसं भेटायची आहेत. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास वेळ त्यांनी आधीपासून माहीत असलेल्यांशीच बोलण्यात घालवला. हे २००७ साली छापून आलं. आपल्याकडे पोह्यांच्या टेबलाभोवती पाच मिनिटं उभं राहिलं तरी तेच दिसतं.

म्हणून 'कुठे जास्त लोक भेटतात' हा प्रश्न मी बाद करतो. मी भाच्याला विचारलं, तुला बातमी हवीय की भरवसा?

बातमी म्हणजे अमुक कंपनी नवा व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा, शोधतेय, तमुक प्लान्ट चाकणहून रांजणगावला चाललाय. भरवसा म्हणजे कुणीतरी तिसऱ्याला सांगणं, "याच्याकडे बिनधास्त काम द्या." बातमी लांबच्या ओळखीतून येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की, ज्याच्यामुळे नोकरी कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती वरचेवर भेटणाऱ्याकडून कळली होती. निम्म्याहून जास्त जणांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, उरलेल्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही बहुतेक ठाऊकच असतं. भरवशाचं मात्र उलटं: तो वरचेवर भेटल्याशिवाय, आणि एकदोनदा काम करून दाखवल्याशिवाय बसत नाही.

दर आठवड्याचा गट

या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे बीएनआय. आयव्हन मिसनर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था आता आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचलीय. रचना पक्की आहे: एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला सुमारे दीड तासाची बैठक, प्रत्येकाला मिनिटभरात आपलं काम आणि या आठवड्याची मागणी सांगायची संधी. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त गैरहजेऱ्या चालत नाहीत; जमणार नसेल तर बदली माणूस पाठवायचा. किती रेफरल दिले (म्हणजे दुसऱ्या सभासदाला गिऱ्हाईक सुचवलं), किती वन-टू-वन केले (म्हणजे एकेका सभासदाला वेगळं भेटले), किती पाहुणे आणले याची मोजदाद होते आणि सिग्नलच्या दिव्यांसारखा रंग मिळतो.

शिस्तीला हसणारे खूप आहेत, मी नाही. हीच शिस्त भरवसा तयार करते. ज्याला तुम्ही चाळीस गुरुवार वेळेवर आलेला पाहिलाय त्याचं नाव सांगताना जीभ अडखळत नाही. सीए, विमावाला, इंटिरियरवाली, सोलर पॅनेल बसवणारा, फिजिओथेरपिस्ट यांना हे गट फळतात. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे घर किंवा छोटं दुकान, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या ओळखीत अशी घरं असतातच.

वर्गणीचा आकडा सगळे विचारतात, वेळेचा कुणी विचारत नाही. दीड तास बैठक, जाण्या-येण्याचा एक तास, वर्षाला ४८ आठवडे: १२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा कामाचे दिवस. वन-टू-वनचा वेळ यात धरलेलाच नाही. शिवाय सकाळी सात म्हणजे ज्या घरात शाळेचे डबे बाईच भरते त्या घरातल्या उद्योजिकेसाठी दार अर्धं बंदच. माझ्या ओळखीच्या एकीने याच कारणासाठी सोडलं. तिच्या कामात काही खोट नव्हती.

मी स्वतः अशाच एका गटात दोन वर्षं काढली, नाव घेत नाही. पहिल्या वर्षी चार चांगली कामं मिळाली. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की रकाना भरायचा म्हणून लोक नुसते नंबर देतात. "यांना खोकी लागतात, फोन करा." फोन केला की पलीकडचा माणूस म्हणणार, कोण बोलतंय? त्यातच आपण एकमेकांकडूनच खरेदी करतोय आणि खोलीभर टाळ्या वाजवतोय हेही कळलं. माझी खोकी कारखान्यांत जातात, आणि कारखान्याचा पर्चेस मॅनेजर त्या खोलीत कधीच नव्हता. चूक गटाची कमी, माझी निवड चुकली होती.

इंग्रजीत मिनिटभर बोलताना ज्यांना घाम फुटतो त्यांनी सॅटर्डे क्लब बघावा. माधवराव भिडे यांनी २००० साली सुरू केलेला हा मराठी उद्योजकांचा गट. 'एकमेकां साह्य करू, अवघे होऊ श्रीमंत' हे त्यांचं ब्रीद. तुकोबांच्या 'सुपंथा'च्या जागी सरळ 'श्रीमंत' बसवायला धाडस लागतं, आणि मराठी माणसाला पैशाबद्दल मोकळेपणी बोलायला लावणं हेच तिथलं अर्धं काम आहे. धंद्यात काय अडतंय हे आपल्या भाषेत सांगताना माणूस खरं बोलतो. इंग्रजीत बोलताना तो ब्रोशर वाचून दाखवतो.

चेंबर

पुण्यातलं मराठा चेंबर, म्हणजे एमसीसीआयए, १९३४ चं. आ. रा. भट यांनी उभं केलेलं. टिळक रस्त्यावरची जुनी जागा आणि सेनापती बापट रस्त्यावरची नवी, दोन्हीकडे बाराही महिने काही ना काही चालू असतं: निर्यात, जीएसटी, कामगार कायदे, बँकेचं कर्ज. इथे कुणी तुम्हाला रेफरल देणार नाही. सभागृहात खुर्च्या ओळीने मांडलेल्या, समोर वक्ता, मधे चहा. ओळख व्हायची तर ती चहाच्या पंधरा मिनिटांत, आणि त्यासाठी एक युक्ती मला फार उशिरा कळली: प्रश्न विचारायचा. नाव आणि काम एका वाक्यात सांगून नेमका प्रश्न.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं उशिरात उशिरा ४५ दिवसांत भागवली नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा धरता येतो, ही प्राप्तिकरातली तरतूद २०२४ मध्ये सगळ्यांच्या तोंडी होती. अशा विषयाच्या व्याख्यानात उधारी अडकलेले आणि उधारी अडकवणारे एकाच छताखाली बसतात. मी उठून विचारलं, "लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच ना?" उत्तर मला माहीत होतं. पण नंतर चहाच्या वेळी तिघं आपणहून जवळ आले. त्यातल्या एका कारखान्याला आज मी खोकी पुरवतो, आणि ते बिल वेळेवर देतात.

प्रदर्शन

बातमी हवी असेल तर याला तोड नाही. भाच्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा मेळा बेंगळुरूचा इमटेक्स, धातुकामाच्या यंत्रांचं प्रदर्शन. जानेवारीत भरतो; विषम वर्षी मेटल कटिंग (धातू कापणं), सम वर्षी फॉर्मिंग (धातूला आकार देणं). शेतीशी संबंधित काम असेल तर मोशीला डिसेंबरमध्ये किसान हे शेतीचं प्रदर्शन असतं. तिथे येणारा माणूस काहीतरी विकत घ्यायला किंवा तुलना करायला आलेला असतो, त्यामुळे पहिल्या वाक्यापासून कामाचं बोलता येतं.

पण पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. जागेचं भाडं चौरस मीटरवर, त्यावर सजावट, दोन माणसांचं राहणं-खाणं; आणि तुम्ही एका जागी खिळलेले. पाहुणा म्हणून जा. आदल्या रात्री प्रदर्शकांची यादी काढून बारा नावं निवडा, त्याहून जास्त नकोत. दुपारी स्टॉलवर तोबा गर्दी असते, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या पोचा. समोरच्याचं यंत्र नीट बघा आणि विचारा, "याचा हा पार्ट तुम्ही बाहेरून करून घेता का?" एवढ्या एका प्रश्नाने विक्रेता थांबतो आणि आतल्या माणसाला बोलावतो.

कार्डाच्या मागे तिथल्या तिथे दोन शब्द लिहायचे: काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलं. माझ्या खणात एके काळी रबर लावून ठेवलेली साडेतीनशे कार्डं होती आणि त्यातले चेहरे मला आठवत नव्हते. दोन दिवसांत जे कबूल केलं ते पाठवायचं. ड्रॉइंग, नमुना, दर, काहीही. फुलांचं गुड मॉर्निंग नको. त्याने ओळख वाढत नाही, म्यूट होते.

रोटरी

पॉल हॅरिस या वकिलाने शिकागोत १९०५ मध्ये सुरू केलेला क्लब. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायच्या म्हणून रोटरी. एका धंद्याचा एकच सभासद ही कल्पनाही तिथलीच जुनी. पण पुढे सेवा हेच काम झालं आणि आता खिशात कार्ड ठेवून आलेला माणूस तिथे पहिल्या महिन्यात ओळखू येतो. धंद्यासाठी जायचं असेल तर जाऊच नका. पण रक्तदान शिबिराचा हिशोब कोण दुसऱ्या दिवशी देतो आणि कोण सहा महिने टाळतो हे जिथे दिसतं, तिथे माणसाची जी पारख होते ती कुठल्याच नाश्त्याला होत नाही. चार-पाच वर्षं लागतात. माझा आजचा भागीदार मला अशाच एका शिबिरात, सतरंज्या घड्या करताना भेटला.

मग भाच्याने काय करावं

मी त्याला मागच्या दहा ऑर्डरी कागदावर लिहायला लावल्या आणि प्रत्येकीपुढे ती कुणाकडून आली ते. सात ऑर्डरी जुन्या कंपनीतल्या सहकाऱ्यांकडून आलेल्या निघाल्या, म्हणजे हल्ली वर्षातून एखाद्या वेळी बोलणं होणाऱ्यांकडून. दोन शेजारच्या गाळ्यातून, एक इंटरनेटवरून. त्याचं गिऱ्हाईक कारखाना, निर्णय पर्चेस आणि क्वालिटीवाल्यांचा. त्याला बातमी हवी. भरवसा त्याचे पार्ट मोजमापात बसले की आपोआप येईल. त्याने चेंबरची मेंबरशिप घ्यावी, जानेवारीत बेंगळुरूचं तिकीट काढावं आणि दर महिन्याला दोन जुन्या सहकाऱ्यांना चहाला भेटावं. गुरुवारचं पंधरा दिवसांचं गणित त्याच्या दोन मशिनांना परवडत नाही.

त्याच्या बायकोचं उलट. ती घरांना मॉड्युलर किचन करून देते. तिने तोच फोन आला तर जावं. पैसे भरण्याआधी दोन वेगवेगळ्या चॅप्टरना पाहुणी म्हणून बसावं, आणि तिथल्या आर्किटेक्टला एकट्याला गाठून विचारावं की गेल्या वर्षी गटाबाहेरच्या किती घरांचं काम इथून मिळालं.

भाचा तरी गुरुवारी गेलाच. फोन करणारा त्याच्या शाळेतला मित्र निघाला, नाही म्हणवेना. चाळीस कार्डं वाटून आला. "उपमा चांगला होता," म्हणाला.